रेसमध्ये कोपी चालते का?

ताडपत्रीच्या दुकानातून गिऱ्हाईक ताडपत्री घेऊन जातं आणि किस्सा ठेवून जातं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. ताडपत्री खपते, किस्से पडून राहतात. त्यात घाटनांदुरात आमचा सायकल ग्रुप निघाला, तेव्हापासून तर असले किस्से साठलेत की सांगताना माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. मला बीपीची गोळी चालू झाली तीही त्याच वर्षी. आता हा योगायोग आहे म्हणणाऱ्यानं एकदा ह्या लोकांसोबत बसून बघावं!

ग्रुप म्हणजे चार माणसं. दातांचे डॉक्टर, शाळेतले भूगोलाचे सर, वायरमन बळीराम आणि मी. मी आपला अंबाजोगाईपर्यंत जातो, चहा पितो आणि परत येतो. बाकीचे तिघं हजार-हजार किलोमीटरच्या रेस करतात. सोबत गाडी नाही, माणूस नाही. झोपायचं सामान सायकलीला बांधायचं आणि डोळे मिटायला लागले की रस्त्याच्या कडेला आडवं व्हायचं!

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हबकलोच. म्हटलं, "येड लागलं का बे? घरी गादी न्हाई का?"

तर सरांनी मला नियम समजावून सांगितला. सरांना नियम लई आवडतात. "शेठ, वाटेत कुणालाही मिळेल अशीच मदत घ्यायची. टपरीवर चहा प्या, देवळात झोपा, हॉटेलात जेवा. पण ओळखीनं, खास तुमच्यासाठी कुणी काही केलं, की बाद!"

"वाटेत माझी बहीण राहती. तिनं भाकरी दिली तर?"

"बाद."

"पाणी?"

"येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना देते का?"

"देती की."

"मग पाणी चालतं. भाकरी बाद."

बहिणीची भाकरी बाद! मी त्या दिवशी नीट जेवलो नाही.

*

माझ्या दुकानात दोर आहे, सुतळी आहे, हूक आहेत आणि खिळे मोजायचा काटा आहे. म्हणून ह्यांच्या झोपेची सगळी खरेदी माझ्यासमोर होते.

एक दिवस डॉक्टर भाकरीएवढी पिशवी घेऊन आले. "शेठ, हा तंबू. वजन करा."

"अख्खा?"

"अख्खा."

काट्यावर टाकला. नऊशे चाळीस ग्रॅम. मी कौतुकानं बघतोय तर डॉक्टरांचा चेहरा उतरलेला. "वेबसाइटवर नऊशे लिहिलंय हो!" चाळीस ग्रॅमसाठी शिकलेला माणूस अर्धा तास सुतकात बसल्यासारखा बसला. मग त्यांनी तंबूचं लेबल कापलं. नाडीची टोकं कापली. आणि मग खिशातून स्वतःचा दात घासायचा ब्रश काढला, माझी लोखंड कापायची करवत उचलली आणि दांडा मधोमध कापला!

दातांचा डॉक्टर! रोज पन्नास माणसांना दोन वेळा ब्रश करा म्हणून सांगणारा! माझे तर डोळेच पांढरे झाले.

तेवढ्यात बळीरामची आई, गयामाय, सुतळी घ्यायला आली. सत्तरीची म्हातारी. जन्म उसाच्या फडात गेलेला, आता गुडघ्यानं दगा दिला म्हणून घरी. तिनं ब्रशाचे दोन तुकडे बघितले, तंबू बघितला, मग डॉक्टरांच्या शर्टाची ताणलेली बटणं बघितली.

"डाक्टर," ती म्हणाली, "पोट समोर दिसायलं हुतं की. बुरुश कावून कापलाव?"

मी डॉक्टरांना म्हटलं, चढा काट्यावर, तुमचंही करून टाकू. ते म्हणाले, "ह्या काट्याला पन्नास किलोचीच लिमिट आहे," आणि क्लिनिकला निघून गेले.

*

तोच तंबू, दुसरा किस्सा.

दसऱ्यानंतर आमच्याकडं ऊसतोडीची माणसं ताडपत्रीला येतात. पाच-सहा महिने कारखान्याच्या रानात राहायचं तर कोपी लागते. कोपी म्हणजे बांबूच्या कमानी, त्यावर चटई नाहीतर ताडपत्री, आत चूल, लेकरं, संसार. नवरा-बायकोची तोडायची जोडी असते, तिला म्हणतात एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो.

तर अशी एक जोडी दुकानात आली होती, आणि डॉक्टरांनी मागच्या बाजूला ट्रायल म्हणून तंबू ठोकून आत ताणून दिली होती. मला पत्ताच नाही! बाईनं सगळ्या ताडपत्र्या बघितल्या, मग तंबूपाशी गेली. कापड चिमटीत धरलं, ओढून बघितलं, फुंकर मारली. तेवढ्यात चेन सर्रकन उघडली आणि आतून डॉक्टरांचं मुंडकं बाहेर आलं.

बाई किंचाळली. मीही किंचाळलो! तिचा नवरा कुऱ्हाडीच्या दांड्यांकडं धावला. कसंबसं सगळ्यांना पाणी पाजलं.

धीर आल्यावर बाईनं चौकशी सुरू केली. "ह्यात चूल कुठं मांडायची?"

"चूल नाही मांडायची," डॉक्टर म्हणाले.

"लेकरं कुठं निजवायची?"

"मावत नाहीत."

"मग मालकानं कुठं निजायचं?"

"अहो, हा एकट्याचाच आहे. सोलो."

बाई हळूच मला म्हणाली, "अर्धा कोयता हाय व्हय? कवा सोडून गेली वो डाक्टरीणबाई?"

डाक्टरीणबाई समोरच्याच गल्लीत राहतात. संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर गेलंच. आता डॉक्टरांना ग्रुपमध्ये कुणी डॉक्टर म्हणत नाही. अर्धा कोयता आला का, असंच विचारतात.

*

सरांचं म्हणणं वेगळं. "जमिनीवर झोपायचंच नाही! मुंग्या, विंचू, ओल. झोळीत झोपायचं." त्यांनी पॅराशूटच्या कापडाची झोळी मागवली आणि बांधायला माझ्याकडून दोर नेला. मी आपला माणूस म्हणून सगळ्यात चांगला दोर दिला.

प्रॅक्टिसला निघाले, उमापूरच्या अलीकडं दुपार झाली. झोळीला दोन झाडं लागतात. सरांना एक बाभळ सापडली. दुसरं झाड काही सापडेना. भूगोलाचा माणूस! त्यांना तेवढ्या अंतरावर उसानं भरलेली ट्रॉली उभी दिसली. आजूबाजूला ट्रॅक्टर नाही, ड्रायव्हर नाही. सरांनी एक टोक बाभळीला बांधलं, दुसरं ट्रॉलीला, आणि टोपी तोंडावर घेऊन झोपले.

पुढचं मला सरांनीच सांगितलं. ट्रॅक्टर आला. ट्रॉली जोडली. ड्रायव्हरनं गाणी लावली, आणि आमच्याकडच्या ट्रॅक्टरवरची गाणी म्हणजे तुम्हाला माहीत आहे, पुढच्या गावच्या लग्नात नाचता येतं! सरांना जाग आली ती झोळी ताठ झाल्यावर. ते आधी वर गेले. मग बाभळीची फांदी कडाड्कन तुटली आणि सर, झोळी आणि काट्यांची फांदी अशी वरात ट्रॉलीमागं निघाली. सर ओरडताहेत, ड्रायव्हर माना डोलावतोय! समोरून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानं हात केला म्हणून थांबलं, नाहीतर सर थेट कारखान्याच्या वजनकाट्यावर गेले असते.

मी ऐकून सुन्न झालो. उठून त्यांचा हात धरला. म्हटलं, "सर, दोर तुटला कसा न्हाई?"

सर खवळले. "तेच विचारायला आलोय! इतका पक्का दोर कावून दिलाव?"

*

आता बळीराम. हसण्यासारखं नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बळीरामच्या पायात जोर आहे, आमच्या तिघांचा मिळून नाही इतका. खांबावर चढणारा माणूस. पण त्याला बाहेर झोप लागत नाही! पहिल्या वर्षी तो रेसला गेला, डॉक्टरांच्या सल्ल्यानं पिसांची झोपायची पिशवी घेतली. रात्रभर आत डोळे उघडे ठेवून पडला आणि दुसऱ्या दिवशी रेस सोडून आला. दुसऱ्या वर्षी फुगवायची गादी. तिचा आवाज येतो म्हणाला, कूस बदलली की. कानात कापूस घातला, डोळ्यावर पट्टी बांधली, काही नाही. दोन रात्री तसाच सायकल चालवत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, चालत्या सायकलीवर त्याचा डोळा लागला. मागून ट्रक होता. ट्रकवाल्यानं कसा काय ब्रेक मारला ते त्याचं त्याला ठाऊक. बळीराम रस्त्याकडेच्या चारीत पडला, खांदा मोडला, कपाळाला सात टाके.

मी दवाखान्यात त्याला बघितलं. इतके दिवस आपण दुकानात बसून ग्रॅम मोजत होतो आणि इथं माणूस जात होता! मला त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

त्याची बायको मंदा रडली नाही. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाली, "अजून एक डाव जा. न्हाई म्हणत न्हाई मी. पण ह्या बारीला झोपून दाखवा. न्हाई झोपलाव, तर सायकल मी माझ्या हातानं भंगारात घालीन."

बळीरामनं मान हलवली. कबूल केलं.

*

तिसऱ्या वर्षी सामान निवडायला आम्ही दुकानात जमलो. डॉक्टर एक वस्तू सुचवताहेत, सर दुसरी. बळीराम गप्प. गयामाय ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसून ऐकत होती.

मधेच म्हणाली, "तुमी सारे त्याला कापडात कावून निजवायलाव? त्यो पाचटावर वाढलाय."

पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. ऊस तोडला की रानात त्याचा ढीग पडतो.

म्हातारी बोलत गेली. "तोडीला गेलतो तवा ह्यो चार महिन्यांचा. कोपीत पाचट आंथरायचं, त्यावर गोधडी, त्यावर ह्यो. पाचट वाजलं की गप निजायचा. घरी आलो की रडायचा. आन् थंडीचं निजायचंच कशाला? थंडीत चालायचं, उन्हात पडायचं. आमच्या गाड्या रातच्याच निघायच्या."

डॉक्टर पुटपुटले, "म्हणजे स्लीपिंग बॅग नको. गादी नको." त्यांनी कागदावरच्या दोन ओळी खोडल्या. जवळजवळ दीड किलो गेलं!

मग म्हातारीनं माझ्याकडून हलक्या ताडपत्रीचा एक तुकडा फाडून घेतला. सायकल उलटी करून चाकांवर तो टाकला, चार दगड ठेवले. झाली कोपी. सगळ्या रस्त्यावर उसाचा सीझन. पाचट कुठंही.

पण सरांना नियम आठवला. "पाचट घेणं मदत झाली का? विचारून घे बाबा, नंतर भानगड नको."

बळीरामनं तिथंच आयोजकांना फोन लावला. शहरातला माणूस, फार सभ्य. स्पीकर चालू.

"सर, बळीराम बोलायलोय. एक विचारायचं हुतं. रेसमध्ये कोपी केली तर चालते का?"

"काय केली तर?"

"कोपी, सर."

"कुठल्या जिल्ह्यातून बोलताय?"

"बीड."

"बरं," ते म्हणाले. त्या 'बरं'नंच माझं डोकं सणकलं. "अहो, पण कॉपी काय कुणी विचारून करतं का?"

"विचारल्यालं बरं ना सर. नंतर तुमी बाद करताव."

"आधी कधी केलीय?"

"मी तर कोपीवरच वाढलो, सर! आई-वडलांनी जन्मभर तेच केलं. आमच्याकडं नवरा-बायको मिळून घंट्यात करतेत."

"आई-वडलांनी?!"

सरांना वाटलं, प्रकरण आपण सावरावं. त्यांनी फोन हिसकला. "नमस्कार! मी स्वतः शिक्षक आहे. तुम्ही निश्चिंत राहा. आत्ताच आम्ही तिघांनी समोर उभं राहून ह्याच्याकडून कोपी करून घेतलीय!"

फोन कट. पाच मिनिटांत मेसेज आला, तुमची एंट्री थांबवण्यात येत आहे.

बळीराम दोराच्या बंडलावर मट्कन बसला. आमचं चुकलं काय? आणि मग माझी ट्यूब पेटली. "आरं देवा! त्यांना परीक्षेतली कॉपी वाटली बे!"

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. ह्या माणसानं परीक्षेच्या हॉलमध्ये पंचवीस वर्षं कॉपी पकडलीय! फोन लावला तर कुणी उचलेना. शेवटी गयामायच म्हणाली, "फोटू धाडा की." दुकानासमोर सायकल उलटी केली, पाचट आणून आंथरलं, म्हातारी शेजारी बसली. फोटो काढला, डॉक्टरांनी खाली इंग्रजीत चार ओळी लिहिल्या.

तासाभरानं उत्तर आलं. माफी मागितली होती. एंट्री चालू, पाचटाला परवानगी. खाली एक प्रश्न होता, गादीचं वजन किती?

बळीरामनं लिहिलं, "शून्य."

*

त्या रेसचं मेडल आज माझ्या दुकानात काट्याच्या वर टांगलंय. पण ते हातात येऊन जायची वेळ आली होती, आणि तीही बळीरामच्याच तोंडामुळं!

रेसमध्ये सायकलीला एक डबी लावतात. माणूस कुठं आहे ते मोबाइलवर ठिपक्यासारखं दिसतं. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता बळीरामचा ठिपका थांबला. ह्या खेपेला डॉक्टर आणि सर रेसला गेले नव्हते, आम्ही तिघं दुकानात खुश. झोपला असेल!

एक तास झाला. दोन झाले. तीन झाले, तसे आम्ही बोलायचे थांबलो. फोन बंद. चार तास झाले तेव्हा मंदा आली आणि मोबाइलकडं बघत दारातच उभी राहिली. "गेल्या बारीला बी दिवसाढवळ्याच पडले हुते," ती म्हणाली. डॉक्टरांनी गाडीची किल्ली काढली.

"गेलो तर तो बाद होईल," मी सरांकडं बघितलं.

सर उठलेच होते. "खड्ड्यात गेला नियम, चला!"

"ठिपका कुठं हाय ते सांगा की," गयामाय म्हणाली.

सरांनी नकाशा मोठा केला. "रस्ता सोडून आत आहे. उसाचा फड दिसतोय."

म्हातारी परत गठ्ठ्यावर टेकली. "मग निजलाय. बसा गप."

आम्ही बसलो. कसे बसलो ते आम्हालाच माहीत! साडेपाच तासांनी ठिपका हलला. मंदानं तेव्हा पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडली. मग आम्ही सगळे डॉक्टरांच्या गाडीत कोंबून थेट रेस संपते तिथं जाऊन उभे राहिलो. वेळ संपायला चाळीस मिनिटं असताना बळीराम आला. धुळीनं भरलेला, पण डोळे टवटवीत!

आयोजकांनी त्याच्या गळ्यात मेडल घातलं. आणि हा पठ्ठ्या काय म्हणाला असेल? "सर, मला वाटंत मदत झाली. नियमात बसत नसंल तर हे काढून घ्या."

मी हादरलो. "तुला कुणी विचारलं हुतं का बे?"

पण तो सांगायला लागला. अर्धा तोडलेला फड दिसला. उभ्या उसाच्या सावलीला त्यानं पाचटावर कोपी केली आणि पडला, तो मेल्यासारखा झोपला. जाग आली तर चारही बाजूंनी रान मोकळं! सगळा ऊस तोडून झालेला, मोळ्या बांधून ट्रॉलीत भरलेल्या. फक्त त्याच्या डोक्याशी, उन्हाच्या बाजूला, दहा-बारा हात ऊस तसाच उभा होता. त्याची सावली बरोबर ह्याच्या अंगावर. ट्रॅक्टर खोळंबलाय, मुकादम शिव्या घालतोय आणि एक बाई कोयता मांडीवर ठेवून, हा उठायची वाट बघत बसलीय.

आयोजकांनी मेडलकडं बघितलं.

"तुमच्या ओळखीची होती का ती बाई?"

"न्हाई सर. पण बोली आमच्याकडचीच हुती."

"मग त्यांनी तुमच्यासाठी खास ठेवला ना ऊस?"

"मी बी तिला तेच विचारलं, सर. म्हणलं, मावशी, माझ्यासाठी कावून ठिवलाव?"

"काय म्हणाल्या?"

"ती म्हणली, 'तुझ्यासाठी? आरं, तू कोण हाईस, मला काय म्हाईत!'"